शहराची नाडी पाहणारा वनस्पतिशास्त्रज्ञ

मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र असा नवा विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्या प्रमुखपदी नेमलेले गृहस्थ समाजशास्त्राचे पदवीधर नव्हते. खरे तर त्यांच्यापाशी कोणत्याच विद्यापीठाची पदवी नव्हती. पासष्टीला टेकलेले, दाढी-केस विस्कटलेले हे स्कॉटिश प्राध्यापक त्याआधी तीस वर्षे डंडी येथील कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. त्यांच्या लेखी नागरिकशास्त्र म्हणजे शाळेतल्या मुलांनी राज्यकारभाराची कलमे पाठ करण्याचा विषय नव्हता. ते नगराचे शास्त्र होते आणि नगर हा त्यांच्या मते एक सजीव होता.

गेल्या काही दशकांत व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत ‘सिस्टिम्स थिंकिंग’ हा परवलीचा शब्द झाला आहे. संस्था म्हणजे सुट्या भागांचे यंत्र नव्हे, एका ठिकाणी केलेला उपाय दुसऱ्या ठिकाणी रोग होऊन उगवतो, म्हणून नेत्याने आधी परस्परसंबंध पाहावेत, असा त्याचा आशय. पीटर सेंगे यांच्या १९९० मधील ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ या पुस्तकाने तो कंपन्यांच्या बैठकींपर्यंत नेला. गेडिस यांच्या हयातीत हा शब्दही प्रचारात नव्हता. मात्र त्यामागचा विचार त्यांनी प्रयोगशाळेतून उचलला आणि थेट भारतातील गल्लीबोळांत आणून वापरला. त्याचे यश किती आणि अपयश किती, हा भाग मोठा उद्बोधक आहे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. वडील सैन्यात होते. पर्थ शहराबाहेरच्या टेकडीवर त्यांचे छोटे घर होते आणि बाग, रान, खाली दिसणारी नदी हीच मुलाची पहिली शाळा. शिक्षण संपल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. पुढे वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी १८७४ मध्ये एडिंबरा विद्यापीठात नाव घातले, पण तिथली वाळक्या नमुन्यांची पद्धत पाहून आठवडाभरात पाठ फिरवली. त्यांनी लंडन गाठले ते थॉमस हेन्री हक्सली यांच्या हाताखाली शिकण्यासाठी.

हक्सली हे उत्क्रांतिवादाचे खंदे पुरस्कर्ते. जीवनकलहाची भाषा त्या काळी विज्ञानातून व्यापारात आणि राज्यकारभारात शिरत होती. बलिष्ठ टिकतो, दुबळा नष्ट होतो, हे गिरणीमालकांना सोयीचे तत्त्वज्ञान होते. गेडिस यांना मात्र सूक्ष्मदर्शकाखाली वेगळेच दिसू लागले. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील रोस्कॉफ येथे १८७८ मध्ये ते सागरी जीवांचा अभ्यास करीत होते. तिथल्या वाळूत हिरव्या रंगाचे बारीक चपटे कृमी असतात. उन्हात ठेवल्यावर हे प्राणी वनस्पतींप्रमाणे प्राणवायू सोडतात, हे त्यांनी दाखवून दिले. समुद्रफुलांसारख्या जीवांच्या शरीरातील पिवळ्या पेशींवरही त्यांनी १८८२ मध्ये लिहिले. या पेशी म्हणजे प्राण्याच्या शरीरात बिऱ्हाड केलेली शैवाले होत आणि दोघांचे एकमेकांवाचून अडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. निसर्गात झगडा आहे, पण भागीदारीही आहे, हा धडा त्यांनी तेथून घेतला आणि जन्मभर सोडला नाही.

याच फ्रान्सच्या वास्तव्यात त्यांना समाजशास्त्रज्ञ फ्रेदेरिक ल प्ले यांच्या विचारांचा परिचय झाला. माणसाचे जगणे समजून घ्यायचे तर स्थळ, काम आणि कुटुंब या तिन्हींचा एकत्र विचार करावा, असे ल प्ले सांगत. गेडिस यांनी त्यात थोडा बदल करून स्थळ, काम, लोक अशी त्रयी केली. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती ओळखीचीच वाटली असणार. परिसर, क्रिया आणि सजीव ही तिची जीवशास्त्रातील जोडीदार त्रयी.

मग एक संकट आले. संशोधनासाठी १८७९ मध्ये मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी गेली. डॉक्टरांनी आठवड्यांमागून आठवडे अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या पंचविशीतल्या तरुणावर हा घालाच होता. खिडकीच्या तावदानांची चौकट बोटांनी चाचपताना त्यांना सुचले की, प्रत्येक चौकोनाला एक कल्पना नेमून दिली तर त्यांचे परस्परसंबंध मनात मांडता येतील. दृष्टी कालांतराने परतली, पण सूक्ष्मदर्शकावरचे दीर्घ काम पूर्वीसारखे जमेना. कागदाच्या घड्या घालून चौकोन पाडण्याची सवय मात्र कायमची जडली. नऊ घरांच्या कागदावर तिरक्या ओळीत स्थळ, काम, लोक लिहायचे आणि उरलेल्या घरांत एकाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम. या घड्यांना ते विचारयंत्रे म्हणत. पाहणाऱ्यांना त्या पुष्कळदा अगम्य वाटत, पण हेतू सरळ होता. कोणतेही घर एकटे वाचता येऊ नये.

एडिंबरा येथे त्यांना वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे काम मिळाले. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला आणि लवकरच हे सुशिक्षित जोडपे जेम्स कोर्ट या जुन्या, दाट, कळकट वस्तीत राहायला गेले. एके काळी तिथे प्रतिष्ठितांची घरे होती. गेडिस यांच्या काळात एकेका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे कोंबलेली होती. वस्ती जमीनदोस्त करा, हा तेव्हाचा रूढ उपाय. गेडिस दांपत्याने स्वतःच्या जिन्यापासून सुरुवात केली. चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली, शेजाऱ्यांना हाताशी घेतले. जी घरे अगदी मोडकळीला आली होती तेवढीच काढून अंगणात ऊन-वारा आणला. १८८७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि त्याचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती दिला. त्या विद्यापीठात ही नवलाची गोष्ट होती.

१८८८ मध्ये डंडीच्या कॉलेजात त्यांच्यासाठी वनस्पतिशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. अट अशी की, वर्षातून फक्त उन्हाळी सत्र शिकवायचे. उरलेले नऊ महिने मोकळे. या मोकळ्या महिन्यांतून पुढचे सगळे उपद्व्याप निघाले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे एडिंबरा किल्ल्याजवळचा आउटलुक टॉवर. १८९२ मध्ये ही इमारत त्यांच्याकडे आली. पाहुण्याला आधी धापा टाकीत गच्चीपर्यंत चढवायचे, तिथे आरशा-भिंगाच्या साहाय्याने पांढऱ्या मेजावर उमटणारे शहराचे हलते चित्र दाखवायचे आणि मग एकेक मजला खाली उतरवायचे. पहिल्या मजल्यावर एडिंबरा, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषेचे देश, युरोप आणि तळाशी सारे जग. आपल्या गल्लीतला प्रश्न जगाच्या प्रश्नाशी कसा बांधला आहे, हे पायांनी शिकवण्याची ही तऱ्हा होती.

नदीच्या खोऱ्याचा त्यांचा छेदही याच जातीचा. डोंगरमाथ्यावर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, त्याखाली शिकारी, मेंढपाळ, मग डोंगरउतारावरचा गरीब शेतकरी, सपाटीवरचा सधन शेतकरी आणि मुखाशी कोळी. शहर या साऱ्यांच्या देवघेवीतून उगवते. वर झाड तुटले की खाली बंदर गाळाने भरते. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या माणसाला ही आकृती समजावून सांगावी लागणार नाही, पण नगरपालिकेच्या हद्दीबाहेर न पाहणाऱ्या अभियंत्यांना ती नवीन होती. १९१५ मधील ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ या ग्रंथात त्यांनी एकमेकांत मिसळत पसरणाऱ्या शहरांसाठी ‘कॉनर्बेशन’ हा शब्द वापरात आणला. आज तो कोशात आहे.

भारताशी त्यांचा धागा आधीच जुळला होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात भगिनी निवेदितांनी त्यांच्यासाठी काम केले होते. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये गेडिस भारतात आले. बरोबर आणायचे होते ते नगररचनेचे प्रदर्शन. अनेक वर्षे जमवलेले नकाशे, चित्रे, आराखडे दुसऱ्या जहाजावर चढवले होते. मद्रासवर तोफा डागणाऱ्या ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. सारा संग्रह समुद्रात गेला. विलायतेतील मित्रांनी धावपळ करून नवा संग्रह पाठवला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

त्या काळातील भारतीय शहरांचा कारभार प्लेगच्या छायेत चालला होता. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांमधून रुंद रस्ते काढायला घेतले. समुद्राचा वारा आत आला हे खरे. पण ज्यांची घरे पडली, त्यांतले बरेचसे लोक शेजारच्या वस्तीत दाटीने राहू लागले आणि रोगाचे घर तेवढे बदलले. इतर शहरांत याच नमुन्याची नक्कल सुरू होती. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढायची आणि रेघेखाली येईल ते पाडायचे.

गेडिस यांनी याला विरोध केला तो भावनेपोटी नव्हे. त्यांची पद्धत वैद्याची होती. आधी निदान, मग उपचार. ते पहाटेपासून गल्ल्या तुडवत, प्रत्येक विहीर, झाड, देऊळ, ओटा, पडके घर नकाशावर नोंदवत. मग पडके घर काढून चौक, इकडे एक भिंत मागे, तिकडे झाडाखाली पार, अशी छोटी-छोटी कामे सुचवीत. या पद्धतीला त्यांनी ‘कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी’ म्हटले. शस्त्र लावायचे, पण निरोगी भाग राखून. तंजावरच्या जुन्या वस्तीसाठी अभियंत्यांनी चौकटीचा आराखडा केला होता. त्याऐवजी गेडिस यांनी सुचवलेल्या उपायांचा खर्च त्याच्या लहानशा हिश्शाइतका होता आणि उठवावी लागणारी घरेही थोडी. अशा रीतीने त्यांनी भारतातील पन्नासच्या आसपास गावा-शहरांवर अहवाल लिहिले.

१९१५ मध्येच त्यांनी मुंबई इलाख्यातील सहा नगरांच्या पुनर्रचनेवर अहवाल दिले. त्यांत ठाणे होते. मलेरियाच्या भीतीने विहिरी आणि तलाव बुजवण्याची मोहीम त्या काळी जोरात होती. डास पाण्यावर होतात, म्हणून पाणी नको, असा सरळ हिशेब. गेडिस यांना तो अपुरा वाटला. तलावात मासे आणि बदके असली, काठ साफ राहिले, तर डासांचा बंदोबस्त होतो आणि पाणी, गारवा, रम्य जागाही राहते. नळाचे पाणी आले म्हणून जुन्या विहिरी निकामी ठरत नाहीत. नळयोजना कधी ना कधी बिघडणारच, तेव्हा विहीर हाच गावाचा विमा, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईतील धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक यांची आज नावेच उरली आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वसाहतींना हा युक्तिवाद आता अधिक पटेल.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी क्रूर ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी ॲना कलकत्त्यात आजारी होत्या. मुलाच्या मृत्यूची बातमी गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही. त्याची जुनी पत्रे ते त्यांना वाचून दाखवीत राहिले. जूनमध्ये ॲनाही गेल्या. दार्जिलिंगला त्याच सुमारास त्यांनी योजलेले उन्हाळी संमेलन होते. जगदीशचंद्र बोस आणि रवींद्रनाथ ठाकूर यांचा त्यात सहभाग होता. गेडिस यांनी ते पार पाडले. जगदीशचंद्रांचे चरित्रही त्यांनी पुढे, १९२० मध्ये, लिहिले.

याच सुमारास होळकरांच्या इंदूर संस्थानाने त्यांना पाचारण केले. त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत बोलके प्रकरण घडले ते येथे. शहरात प्लेग होता आणि मलेरियाही. गेडिस नकाशा घेऊन हिंडू लागले, तेव्हा लोक त्यांच्याकडे बोट दाखवून घाबरून बाजूला होत. चौकशी केल्यावर कळले की, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असा त्यांचा लौकिक झाला होता. यात नवल नव्हते. नकाशावाल्या साहेबापाठोपाठ घरे पाडणारे येतात, हा लोकांचा अनुभव होता. वीस वर्षांपूर्वी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातून काय भडका उडाला, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच.

फर्मान, दंड, पोलीस हे मार्ग संस्थानाला उपलब्ध होते. गेडिस यांनी वेगळीच मागणी केली. एका दिवसापुरता आपल्याला महाराजा करावे! तुकोजीराव होळकरांनी ती मान्य केली. मग जाहीर झाले की, यंदा दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर सर्वाधिक घरे स्वच्छ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. शिवाय घरातला व अंगणातला केरकचरा फुकट उचलला जाईल. शहरभर झाडलोट, रंगरंगोटी सुरू झाली. गेडिस यांनी नंतर सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे ६,००० हून अधिक गाड्या कचरा निघाला आणि उंदीर हजारोंनी पकडले गेले.

मिरवणुकीत आधी संस्थानचे लष्कर, हत्ती, उंट, कापसाचे व्यापारी. मागून उदास वाद्यांच्या साथीने रोगराईचे चित्ररथ, घाणीचा अजस्र राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. नंतर वाद्ये बदलली आणि शहरातील सफाई कामगार आले. शुभ्र नवे कपडे, गळ्यात हार, हाती नव्या केरसुण्या, रंगवलेल्या गाड्यांना पांढरे बैल. ज्यांची सावली टाळली जाई ते त्या दिवशी मिरवणुकीच्या मानाच्या जागी होते. त्यांच्यामागे हत्तीवर इंदूर नगरीची देवता आणि तिच्या ध्वजावर नव्या शहराचा नकाशा. शेवटी फळाफुलांच्या गाड्या आणि वाटण्यासाठी तुळशीच्या हजारो कुंड्या. रात्री राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. घराघरांत लावलेली तुळस आणि तिच्याभोवती सारवलेली जागा हे काम कोणत्याही आरोग्य निरीक्षकाच्या आवाक्यातले नव्हते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

प्लेग ओसरला. त्याचा मोसमही तेव्हा सरत आला होता, तेव्हा सगळे श्रेय मिरवणुकीला देणे भाबडेपणाचे ठरेल. पण भिऊन दूर पळणारे लोक चार आठवड्यांचे का होईना कारभाराचे भागीदार झाले, ही गोष्ट आकड्यांत मावणारी नाही. इंदूरच्या दरबाराला १९१८ मध्ये त्यांनी दोन खंडांचा अहवाल सादर केला. नदीचे काठ, बागा, गिरण्यांजवळच्या कामगार वस्त्या, सांडपाण्याचा बागांसाठी उपयोग आणि नवे विद्यापीठ, असा त्याचा पसारा. त्यांतले थोडे झाले, बरेच राहिले. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सातत्याने पहिला क्रमांक मिळवणाऱ्या इंदूरमध्ये जुन्या अहवालाची आठवण काढणारे अभ्यासक आजही आहेत.

येथे एक विसंगती नोंदवायलाच हवी. व्यवस्थांचे परस्परसंबंध इतके सूक्ष्मपणे पाहणारा हा माणूस स्वतः मोठा व्यवस्थापक नव्हता. एक काम हाती घेऊन त्यातला रस टिकेतोवर दुसरे सुरू होई. एडिंबरातील घरांच्या व्यवहारात पैशाची ओढाताण इतकी झाली की, मित्रांना १८९६ मध्ये कंपनी काढून ते सावरावे लागले. डनफर्मलिन शहरासाठी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा देखणा आराखडा कार्नेगी विश्वस्तांनी बाजूला ठेवला. बोलणे अखंड, पण पुटपुटते. लिखाण अर्धवट. मुंबईतल्या विभागातही हेच झाले. जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा, पॅलेस्टाइनमधील नगररचना अशा कामांसाठी ते मधूनमधून परदेशी जात आणि विद्यार्थी वाट पाहत. दुसऱ्यांच्या हाती कारभार सोपवण्याचे त्यांचे तत्त्व आणि स्वतःचा वारा पिलेला स्वभाव यांतली सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसे. अहवालांचेही तसेच. अहवाल लिहून ते पुढच्या गावी जात आणि मागे राहिलेल्या नगरपालिकेकडे तो राबवणारी माणसे नसत. विचार रुजायला माळी लागतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञाला कळायला हवे होते.

तरीही मुंबईत त्यांनी एक रोप नेमके ओळखले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तेव्हा संस्कृतचे तरुण अभ्यासक होते. नागरी केंद्र म्हणून मुंबई या विषयावरील त्यांचा निबंध गेडिस यांना आवडला आणि घुर्ये उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. परतल्यावर १९२४ मध्ये विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. भारतीय समाजशास्त्राच्या कैक पिढ्या पुढे घुर्ये यांच्या हाताखाली घडल्या. मात्र घुर्ये यांचा ओढा जात, संस्कृती आणि ग्रंथाधार यांकडे अधिक होता. नकाशा घेऊन गल्ल्या तुडवण्याची गेडिस यांची रीत तिथे फारशी मुरली नाही, ही हानीच म्हणायची.

प्रकृती बिघडल्याने १९२४ मध्ये गेडिस यांनी भारत सोडला आणि दक्षिण फ्रान्समधील मॉन्पेलिए येथे ते स्थायिक झाले. तिथे स्कॉटिश विद्यार्थ्यांसाठी कॉलेज बांधले, माळरानावर बाग फुलवली. तेल अविवचा आराखडा त्यांनी १९२५ मध्ये दिला. पुष्कळसा अमलात आलेला त्यांचा हा आराखडा. अमेरिकेत लुईस ममफर्ड यांनी त्यांना गुरू मानून शहरांवर मोठे लेखन केले. पूर्वी नाकारलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारली आणि काही आठवड्यांनी, १७ एप्रिल १९३२ रोजी, मॉन्पेलिए येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या भारतातील अहवालांतील निवडक उतारे जॅकलिन टिर्विट यांनी १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातील सहा नगरांचे ते अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ मध्ये पुन्हा छापले. ठाण्याच्या विहिरी आणि तलाव यांविषयीचे प्रकरण त्यात आहे.